जाऊबाई, आधी तुम्ही बोला

मी एक बिनतारी पेटी बोलतेय. ऐकू येतंय ना? एकदा विचारून घेतलेलं बरं, कारण आमच्या जातीचं निम्मं आयुष्य ह्याच प्रश्नात सरतं. त्यातून मी जन्माची भित्री. शेजारी कुणी नुसतं खाकरलं तरी माझा हिरवा दिवा लाल होतो.

दिसायला मी काही फार नाही. जाडजूड शब्दकोशाएवढा देह, शेवाळी रंग, डोक्यावर अँटेना, पुढ्यात चार बटणं आणि अक्षरं उमटायला बोटभर काच. पण पोटात काय आहे म्हणता! जुन्या पेट्यांची बोली तारांमध्येच जखडलेली असायची. ज्या बोलीत जन्माला यायच्या, त्याच बोलीत म्हाताऱ्या व्हायच्या. माझी बोली मात्र प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते. प्रोग्रॅम बदलला की मी दुसरीच होते. सकाळी रणगाड्याशी बोलेन, दुपारी विमानाशी, संध्याकाळी बोटीशी. निदान माझ्या माहितीपत्रकात तसं छापलं होतं, तेही रंगीत.

माझा प्रोग्रॅम लिहिला ताईनं. कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत, तीन टेबलांपैकी सर्वांत डुगडुगणारं टेबल तिचं. कॉलेज संपवून नुकतीच लागलेली, हुशार, आणि घाबरण्यात माझ्याही वरचढ. कोपऱ्यातला प्रिंटर अचानक घरघरला की ती खुर्चीतून वीतभर उडायची. तिनं माझं बटण दाबलं की मी 'टूं' करायचे, माझ्या टूंनं ती किंचाळायची, तिच्या किंचाळण्यानं माझा दिवा लाल व्हायचा. मग आम्ही दोघी छातीवर हात ठेवून श्वास घ्यायचो. म्हणजे हात तिचा; मला छाती असती तर मीही ठेवला असता.

संध्याकाळी तिच्या बाबांचा फोन यायचा.

"काय गं, झाली का तुझी रेडिओची पेटी?"

"होत आलीय, बाबा."

"मग गाणी लागतात का तिच्यावर?"

"बाबा, ती गाण्यांची नाही. ती फौजेची आहे. ती वेगवेगळ्या वेव्हफॉर्मवर…"

"बरं बरं. बातम्या तरी लागतात ना?"

ताई कपाळाला हात लावायची. आपण दिवसभर काय करतो हे घरच्यांना एका वाक्यात सांगता येत नाही, ह्याचं तिला फार वाईट वाटायचं. एकदा तिनं पाठ करून सांगितलंही. तेव्हा पलीकडून बाबा आईला म्हणाले, "काहीतरी मोठं असणार गं, मला एक अक्षर कळलं नाही."

यथावकाश माझी पाठवणी झाली. कारखाना माझं माहेर, फौज माझं सासर. त्याच घरात आणखी एक पेटी आली होती. ती दुसऱ्या कारखान्याची लेक, निळसर राखाडी, अंगानं थोराड, बोटीवर दिलेली. म्हणजे नात्यानं माझी जाऊच की. एका घरातल्या दोन जावा एकमेकींशी बोलतील, ह्या भरवशावर सासरच्यांनी आम्हा दोघींना आणलं होतं. आणि आमचं पहिल्या दिवसापासून फाटलं.

आता त्यात दोष कुणाचा, ते सांगते. शत्रूनं आमचं बोलणं चोरून ऐकू नये म्हणून आम्ही एका वाटेवर थांबत नाही. एका सेकंदात शेकडो उड्या मारतो, ह्या चॅनलवरून त्या चॅनलवर, पुन्हा तिसऱ्यावर. दोघींनी एकाच क्षणी एकाच ठिकाणी उडी घेतली तरच बोलणं होतं. त्यासाठी दोघींचं घड्याळ एक हवं. एकीनं वेळ सांगायची, दुसरीनं ऐकायची. सांगणारीला म्हणतात मास्टर. बस्स, एवढंच. पण मास्टर कोण?

ताईच्या कारखान्याचं म्हणणं, आमची पेटी मास्टर. जाऊबाईंच्या माहेरचे इंजिनिअर कायम टाय लावून असायचे, उन्हातान्हात, मचाणावर, बोटीवरसुद्धा. सगळे त्यांना टायसाहेबच म्हणत. त्यांचं म्हणणं, आमची मास्टर. पहिल्या चाचणीत मी टेकडीवरच्या तंबूत, जाऊबाई समोर समुद्रात उभ्या असलेल्या बोटीवर. दोघी एकदमच ओरडायला लागलो, "माझ्या घड्याळात अमुक वाजले!" "चूक, माझ्या घड्याळात तमुक!" तासभर नुसती खरखर. दुसऱ्या चाचणीतही तेच, फक्त खरखर जरा अधिक स्वच्छ. टायसाहेबांनी अहवालात तिला प्रगती म्हटलं.

मग बैठका सुरू झाल्या. देवा रे, त्या बैठका! लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, आणि मध्यभागी नमुना म्हणून बसवलेली मी. बोलणं असं की पूर्ण शब्द शोधून सापडायचा नाही. तीन अक्षरं, चार अक्षरं, पुन्हा तीन अक्षरं. "आयओपीच्या दृष्टीनं एसआरएस बघितला तर डब्ल्यूएफएलचा प्रश्नच येत नाही." "येत नाही कसा? आयसीडीत पीकेएल स्पष्ट आहे!" मी बहुभाषी म्हणून जन्माला आलेली पेटी, पण माझे डोळे पांढरे झाले.

कोपऱ्यात फौजेतले सिग्नलवाले काका बसलेले असत. वय पन्नाशीपलीकडचं, जुनी चोवीस किलोची पेटी वीस वर्षं पाठीवर वाहून एक खांदा उतरलेला. मला चालवायचं काम त्यांच्याकडे यायचं होतं, म्हणून त्यांना बोलावत. ते बैठकीत वहीवर रेघा मारत बसायचे. ताईला वाटलं, नोंदी घेताहेत. एकदा तिनं डोकावून पाहिलं.

"काका, हे काय?"

"अक्षरांचे पुंजके मोजतोय, ताई. काल सत्तेचाळीस झाले. आज चहाच्या आधीच साठ गेले."

सहाव्या बैठकीत काकांनी हात वर केला. "साहेब, एक अडाणी प्रश्न. हे पीकेएल पीकेएल म्हणतात, ते काय असतं?"

टायसाहेब हसले. "म्हणजे काय, पी म्हणजे…" आणि त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईनं पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. चाचणी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त कर्नल, मोठ्या आदबीनं चष्मा पुसू लागले. अकरा महिने सगळे पीकेएलवर भांडत होते. टायसाहेबांच्या अहवालात तर 'पीकेएलची शंभर टक्के पूर्तता' असा तक्ता होता, हिरव्या रंगात. इतक्यात कागद वाटायला टायपिस्ट बाई आल्या, आणि मान वाकडी करून तक्ता वाचून म्हणाल्या, "अगंबाई! ही तर माझी आद्याक्षरं. कागद कुणी टाइप केला ते कळावं म्हणून खाली घालते मी."

काकांनी वहीतल्या रेघांपैकी बऱ्याच खोडल्या. टायसाहेबांचे कान टायपेक्षा लाल झाले. ताई एवढी हसली, एवढी हसली, की तिला उचकी लागली, आणि त्या उचकीनं मी दचकले.

पण हसू ओसरल्यावर अध्यक्षांनी फाइल मिटली. "पुरे झालं. तिसरी चाचणी शेवटची. दोन ते तीन, एक तास. एक वाक्य जायला हवं आणि उत्तर परत यायला हवं. नाही आलं, तर दोन्ही पेट्या कपाटात, आणि दोन्हीकडच्या तुकड्या बंद."

 कपाट मी पाहिलं होतं. आत एक पेटी अजून दिवा लुकलुकवत होती, बिचारी. आणि ताईची तुकडी म्हणजे ती डुगडुगती तीन टेबलं. ताई त्या दिवशी जिन्यातून उतरताना कठडा धरून उतरली.

परतताना आम्ही काकांच्या गाडीत होतो.  काकाच बोलले.

"ताई, मास्टर कुणीही होऊ द्या हो. दोन वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा मी एका छपरावर होतो. बरोबर अकरा माणसं, त्यात एक बाळ. समोरून आरमाराची बोट जाताना दिसत होती, ही इथून त्या झाडापर्यंत. माझ्या पाठीवर चोवीस किलोची पेटी, त्यांच्याकडे त्यांची पेटी. दोन्ही चालू. आणि मी सदरा काढून हलवतोय."

"मग?"

"मग काय, बोट गेली दुसरीकडे. सहा तासांनी परत आली. माणसं वाचली सगळी. पण त्या बाळाची आई माझ्या पाठीवरच्या पेटीकडे बघायची ना अधूनमधून, ते बघणं काही जात नाही डोळ्यांपुढून. त्यात कुणाचं घड्याळ बरोबर होतं हे मला कुणी विचारलं नाही."

 चाचणीच्या आदल्या संध्याकाळी, सगळे गेल्यावर, ताई माझ्यापुढे येऊन बसली.  माझ्यातली मास्टर ठरवणारी ओळ बदलायची तर रीतसर अर्ज लागायचा, सात सह्यांचा. तीन आठवड्यांची निश्चिंती. ताईनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, प्रिंटरकडे तर दोनदा पाहिलं, आणि गुपचूप ती ओळ बदलली. 'मास्टर' काढलं. 'ऐकणारी' केलं.

"होऊ दे त्यांची मास्टर," ती माझ्या कानात, म्हणजे माइकात, पुटपुटली. "कुणाला सांगू नकोस हं."

मी कुणाला सांगणार? माझं कुणाशी बोलणं होत होतं का!

चाचणीचा दिवस उजाडला. टेकडीवर वारा भन्नाट, तंबू फडफडतोय, त्याच्या प्रत्येक फटकाऱ्याला मी आणि ताई आळीपाळीनं दचकतोय. सगळ्यांचे मोबाइल एका पेटाऱ्यात कुलूपबंद. फोनवर ठरवाठरवी केली तर चाचणी बाद. समोर समुद्रात बोट, खेळण्याएवढी. अध्यक्षांनी हातातलं घड्याळ पाहिलं.

दोन वाजले. काकांनी माझं बटण दाबलं. मी कान टवकारले. आता जाऊबाई वेळ सांगतील, मी निमूट ऐकीन, आणि सगळं सुरळीत होईल.

जाऊबाई गप्प.

एक मिनिट. तीन मिनिटं. माझ्या काचेवर अक्षरं उमटली, 'घड्याळाची वाट पाहत आहे'. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर माझ्यावर कधी न आलेली पाटी होती ती. खरखरसुद्धा नाही. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

"दहा मिनिटं थांबायचं," ताई पुटपुटली. ह्या चाचणीसाठी काढलेल्या नव्या नियमपुस्तिकेत तसं होतं: दहा मिनिटांत संपर्क न झाल्यास मास्टर बदलून पाहावा. दोन-दहाला तिनं मला पुन्हा मास्टर केलं. मला झोपून उठायला तीन मिनिटं लागतात. उठले, आणि जीव खाऊन ओरडले, "दोन वाजून तेरा मिनिटं!"

समोरून तितक्याच जोरात आवाज आला, "दोन वाजून बारा मिनिटं!"

काचेवर उमटलं, 'दुसरे घड्याळ आढळले'. खरखर, खरखर, खरखर.

"अरे देवा," ताई म्हणाली. "त्यांनीपण बदललं."

दोन-वीस. ताईनं मला ऐकणारी केलं. समोर शांतता. दोन-तीस. मला मास्टर केलं. समोरून आरोळी. दोन्हीकडे तीच नियमपुस्तिका, तोच परिच्छेद, तीच दहा मिनिटं! एकीनं तोंड उघडलं की दुसरीनं उघडलंच, एकीनं मिटलं की दुसरीनं मिटलंच. जाऊबाई, आधी तुम्ही बोला. छे छे, तुम्ही थोरल्या. बरं, मग मी बोलते. अहो, मीच बोलत होते की! अध्यक्ष तोंडावर फाइल धरून बसले होते. फाइल हलत होती. ते हसत होते की काय करत होते, मला अजून कळलेलं नाही.

दोन-चाळीस. पुन्हा मी ऐकणारी. पुन्हा शांतता.

आता ताईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका! सुरुवातीलाही शांतता होती! म्हणजे टायसाहेबांनी पण… काल रात्री… गुपचूप…"

"'पण' म्हणजे? आणखी कोण?" काकांनी भुवई वर केली.

ताईनं जीभ चावली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं, ती ओळ, ती संध्याकाळ, त्या सात सह्या. काका ऐकत राहिले आणि मग असे हसले की खुर्चीचा पाय मातीत रुतला.

"म्हणजे अकरा महिने भांडलात, आणि समेट केलात तोही एकाच दिवशी, एकमेकांच्या नकळत? वा रे शहाण्यांनो!"

"काका, हसू नका हो! वीस मिनिटं राहिली. आता मी लगेच मास्टर करू का? आत्ताच? की पन्नासला? पण पन्नासला तेही करणार! मग पंचेचाळीसला? पण त्यांनीही तोच विचार केला तर?"

"ताई, अरुंद जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की काय होतं? हा उजवीकडे सरकतो, तोही तिकडेच. हा डावीकडे, तोही डावीकडे."

"हो, मग?"

"मग एकानं खांबासारखं उभं राहायचं. दुसरा जातो बाजूनं. तुम्ही काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. हात मांडीखाली घ्या."

"आणि त्यांनीही असंच हात मांडीखाली घेतले तर?"

काका शांतपणे म्हणाले, "त्यांच्याकडे मी नाहीये ना."

ताईनं हात मांडीखाली घेतले. तुम्हाला सांगते, घाबरट माणसाला 'पळ' म्हटलं तर तो पळेल, 'ओरड' म्हटलं तर ओरडेल. पण 'काही करू नकोस' म्हटलं की त्याचा जीव जातो. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. तिचा उजवा हात दोनदा आपणहून बाहेर आला. दोन्ही वेळा काकांनी नुसतं "अंहं" म्हटलं. एकोणपन्नास. ताईनं डोळे मिटले. पन्नास. नियमपुस्तिका उघडीच होती, वाऱ्यानं तिची पानं फडफडत होती, जणू ओरडून सांगत होती, बदल, बदल! एक्कावन्न. समोर शांतता. माझ्या डोळ्यांपुढे कपाट, आणि त्यातला तो लुकलुकणारा दिवा. बावन्न.

आणि मग, त्रेपन्नाव्या मिनिटाला, वाऱ्यावरून, लाटांवरून, शेकडो उड्या मारत एक बारीक आवाज आला. वेळ सांगणारा. मी त्याच्या पहिल्या उडीला उडी घेतली. मग दुसऱ्या. मग मोजायचं सोडलं. आहाहा! माझा दिवा हिरवा झाला, आणि असा हिरवा झाला की टेकडीवरच्या गवतालाही हेवा वाटावा. आम्ही दोघी जावा फेर धरल्यासारख्या सगळ्या आकाशभर नाचत होतो, पाय कुठेही चुकत नव्हता.

बोटीवरच्या खलाशानं ठरलेलं वाक्य म्हणायचं होतं, 'चाचणी संदेश क्रमांक एक, पोहोच द्यावी'. पण बिचाराही तासभर श्वास रोखून बसला असणार. माझ्या स्पीकरमधून आवाज आला, "अहो टेकडीवाले! आहात का कुणी?"

काकांनी माइक घट्ट धरला.  "आहोत की! कधीचे बसलोय तुमच्यासाठी. तुमची बोट दिसतेय मला. तुम्हाला मी दिसतोय का?"

"थांबा, दुर्बीण घेतो… हो! निळा तंबू! हात हलवा बघू… दिसला! दिसला!"

काका दोन्ही हात हलवत सुटले, सदरा अंगातच ठेवून. ताई रडत होती, हसत होती आणि मध्येच उचक्या देत होती. अध्यक्षांनी फाइल खाली ठेवून घसा साफ केला.

"हे अधिकृत वाक्य नाही."

"म्हणतो साहेब, तेही म्हणतो," काका म्हणाले. दोन अठ्ठावन्नला संदेश क्रमांक एक गेला, पोहोच आली.

संध्याकाळी टायसाहेब टेकडी चढून आले, धापा टाकत, टाय खांद्यावर उडालेला. ताईनं सगळ्यांसमोर कबूल केलं. टायसाहेबही हळूच म्हणाले, "त्या टायपिस्ट बाईंच्या प्रकरणानंतर मला वाटलं, निदान एका गोष्टीत तरी आपण शहाणपणा दाखवावा."

अध्यक्षांनी दोघांना कडक शब्दांत समज दिली. ती समज मला पाठ आहे, पण सांगत नाही, कारण मध्येच त्यांनाच हसू फुटलं. मग म्हणाले, "नियम लिहा. घड्याळ कुणाचं, ते कायमचं ठरवून टाका. आणि अक्षरांचे पुंजके नकोत. ह्या काकांना एका वाचनात कळलं पाहिजे."

ताईनं लिहिलं: 'बोटीवरची पेटी वेळ सांगेल. बाकीच्या ऐकतील.' एवढंच. ते मंजूर करायला मंडळाची चार तास बैठक झाली, कारण एवढ्याशा मजकुरात काही राहून तर गेलं नाही ना, ह्याची कुणाला खात्रीच वाटेना. त्या रात्री ताईनं ती दोन वाक्यं बाबांना फोनवर वाचून दाखवली.  मग बाबा म्हणाले, "अगं, हे तर मला कळलं!" आणि मागून आईचा आवाज, "मला पण सांगा की!"

आता माझ्या दोनशे बहिणी कारखान्यात तयार होताहेत. ताईच्या खोलीत तीनाची पाच टेबलं झाली. मी नमुन्याची पेटी, म्हणून मला लढाईबिढाईला नेत नाहीत. मी प्रशिक्षण शाळेत असते, खिडकीजवळच्या बाकावर. काका शिकवतात. नवी मुलं-मुली माझी बटणं पिळतात, अँटेनेला टोपी अडकवतात. माझा एक कोपरा उडालाय, तिसरं बटण जरा अडकतं. पण दर गुरुवारी अकरा वाजता बंदरातून जाऊबाई वेळ सांगतात, आणि मी ऐकते. तेवढ्यासाठी मी आठवडाभर देव पाण्यात घालून बसलेली असते म्हणा ना.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी माझ्यासारखी पेटी हातात आली, तर बटण दाबल्या दाबल्या बोलू नका. सगळे नवशिके तसंच करतात, आणि त्यांचे पहिले शब्द माझ्या घशातच राहतात. 'वाचवा, इथे आहोत' मधलं पलीकडे नुसतं 'आहोत' पोहोचतं. बटण दाबा. एक श्वास घ्या. मला जागं होऊ द्या. मग बोला, अगदी घरच्यासारखं, पूर्ण शब्दांत. मी एकही सांडणार नाही, शपथेवर सांगते.

चला, नवी तुकडी आत येतेय. पुढची मुलगी फार घाबरलेली दिसते. तिचं बोट बटणाकडे येतंय… आलं… आई गं!